डाव्या पायाची किंमत

मैदान तेच, खेळ वेगळा

सिडनी क्रिकेट ग्राउंड म्हटलं की आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना जानेवारीतली थंडी आठवते, पहाटे पाचला शाल पांघरून लावलेला टीव्ही आठवतो आणि सचिनच्या नाबाद २४१ धावा आठवतात. साल २००४. कव्हर ड्राइव्हचा मोह आवरून त्याने ती खेळी उभी केली, हे आपण अजूनही एकमेकांना सांगत असतो. पण तिकडचा उन्हाळा सरला की त्याच मैदानावरचे स्टंप निघतात आणि दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब उभे राहतात. मग सप्टेंबरपर्यंत तिथे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल चालतो. लोक त्याला लाडाने ‘फुटी’ म्हणतात.

क्रिकेटच्या मैदानावर हा खेळ उपरा नाही. त्याचा जन्मच मुळी क्रिकेटपायी झाला. १८५८ साली टॉम विल्स या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं. हिवाळ्यात खेळाडू सुस्तावतात, त्यांचं अंग हलतं राहील असं काहीतरी हवं, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये नियम कागदावर उतरले. फुटी आजही लंबगोल मैदानावर खेळला जातो. मेलबर्नला तर हिवाळ्यात मधली खेळपट्टी उचलून बाजूला ठेवतात. सिडनीला ती जागच्या जागी राहते आणि खेळाडू तिच्यावरूनच धावतात.

या लेखाचा नायक आहे लान्स फ्रँकलिन. अख्ख्या ऑस्ट्रेलियासाठी तो ‘बडी’. १९ हंगाम, दोन क्लब, ३५४ सामने आणि १०६६ गोल. शिवाय एक करार. त्या कराराला सुरुवातीला कित्येकांनी वेडेपणा म्हटलं, आणि तो फायद्याचा ठरला की तोट्याचा, यावर तिथले चाहते आजही हिरिरीने भांडतात.

नियम, लागतील तेवढेच

प्रत्येक संघाचे १८ खेळाडू मैदानात. चेंडू रग्बीसारखा लांबट. तो हातात धरून पळता येतं, पण साधारण १५ मीटरांत एकदा जमिनीवर टप्पा द्यावाच लागतो. सहकाऱ्याला चेंडू फेकून देणं निषिद्ध. एक तर लाथेने मारायचा, नाहीतर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. ऑफसाइड हा प्रकारच नाही.

मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने मारला की गोल, त्याचे ६ गुण. मधल्या आणि बाजूच्या खांबामधून गेला तर त्याला ‘बिहाइंड’ म्हणतात आणि एकच गुण मिळतो. किमान १५ मीटरांवरून मारलेला चेंडू हवेतच झेलला तर तो ‘मार्क’. झेलणाऱ्याला थांबून, श्वास घेऊन, निवांत लाथ मारायची मुभा मिळते. गोलसमोर मार्क घेणारे उंचेपुरे आघाडीवीर हे या खेळाचे नट. बाकीचे राबतात आणि टाळ्या यांच्या वाट्याला येतात.

पाचवा क्रमांक

फ्रँकलिनचा जन्म ३० जानेवारी १९८७ चा, पश्चिम ऑस्ट्रेलियातला. आईकडून तो नूंगार, म्हणजे त्या प्रदेशातल्या मूळ रहिवाशांपैकी. बालपण पर्थच्या ईशान्येला गव्हाच्या पट्ट्यातल्या डावरिन या छोट्या गावात गेलं.

इथे ‘ड्राफ्ट’ समजून घ्यायला हवा, कारण आपल्या आयपीएलच्या लिलावाशी त्याचं काही नातं नाही. लिलावात ज्याची थैली जड त्याच्याकडे खेळाडू जातो. ड्राफ्टमध्ये कुणीच बोली लावत नाही. वर्षाच्या शेवटी नव्या पोरांची यादी समोर येते आणि तळाला राहिलेल्या क्लबला पहिली निवड मिळते. पोराला कुणी विचारत नाही. पर्थच्या मुलाला मेलबर्नच्या क्लबने उचललं की त्याने अठराव्या वर्षी बॅग भरायची आणि साडेतीन हजार किलोमीटर दूर बिऱ्हाड हलवायचं.

२००४ च्या ड्राफ्टमध्ये रिचमंडकडे पहिला आणि चौथा क्रमांक होता. त्यांनी ब्रेट डेलिडियो आणि रिचर्ड टॅम्ब्लिंग यांना घेतलं. दुसऱ्या क्रमांकावर मेलबर्नच्याच हॉथॉर्न क्लबने जॅरिड रफहेडला निवडलं. त्यांचा पुढचा क्रमांक पाचवा होता आणि फ्रँकलिन तोवर शिल्लक होता. सातव्यावर त्यांनी जॉर्डन लुइसही उचलला. एकाच दिवसात हॉथॉर्नच्या पुढच्या दशकाचा पाया घातला गेला. चौथा क्रमांक हा विषय रिचमंडच्या जुन्या चाहत्यांसमोर आजही न काढलेला बरा. रफहेड आणि लुइस ही नावं मात्र लक्षात ठेवा, त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे.

डावीकडे वळत जाणारी धाव

उंची जवळजवळ साडेसहा फूट. इतक्या उंचीचा माणूस सहसा गोलसमोर उभा राहून चेंडूची वाट बघतो. फ्रँकलिन मैदानाच्या मध्यापर्यंत येऊन चेंडू घ्यायचा आणि पाठलाग करणाऱ्या बुटक्या, चपळ खेळाडूंना मागे टाकत सुटायचा. २०१० साली एसेंडनविरुद्ध सीमारेषेला खेटून टप्पे देत त्याने जो गोल केला, तो त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरला.

त्याची खरी ओळख मात्र मार्क घेतल्यानंतरच्या लाथेत होती. कुठलाही प्रशिक्षक पोरांना शिकवतो की गोलच्या रेषेत सरळ धाव आणि सरळ मार. फ्रँकलिन चार पावलं सरळ यायचा, मग बैलगाडी चाकोरी सोडते तसा डावीकडे वळत जायचा आणि त्या वळणातच डाव्या पायाने चेंडू उडवायचा. नियमाप्रमाणे रेषा सोडली की खेळ सुरू झाला असं धरतात आणि समोरचा बचावपटू अंगावर येऊ शकतो. पण पंचांनी एकंदरीत ही त्याची नैसर्गिक चाल मानली. प्रतिस्पर्ध्यांनी यावर कुरकुर केली आणि गल्लीतल्या डावखुऱ्या पोरांनी नक्कल केली. ही लाथ नेहमी बसायची असंही नाही. सोपे गोल हुकवून साठ मीटरांवरचे अवघड साधणारा खेळाडू म्हणून त्याची ख्याती होती.

२००८ हे त्याचं सोन्याचं वर्ष. वय २१. साखळीच्या शेवटच्या फेरीत कार्लटनशी सामना होता आणि कार्लटनचा ब्रेंडन फेव्होलाही हंगामातल्या शंभराव्या गोलच्या उंबरठ्यावर होता. फ्रँकलिनने पहिल्याच सत्रात शंभरी गाठली आणि रिवाजाप्रमाणे प्रेक्षक कुंपण ओलांडून मैदानात घुसले. फेव्होला ९९ वर अडकला तो अडकलाच. फ्रँकलिनने हंगाम ११३ गोलांवर संपवला. अंतिम सामन्यात हॉथॉर्नने जिलाँगला २६ गुणांनी हरवलं, तेही जिलाँग साखळीत अवघा एक सामना हरलेला असताना. त्यानंतर एका हंगामात शंभर गोल कुणालाही जमलेले नाहीत.

आणखी पाच वर्षं तो हॉथॉर्नकडे होता. जून २०१२ मध्ये नॉर्थ मेलबर्नविरुद्ध एकट्याने १३ गोल केले. त्याच वर्षी अंतिम सामन्यात सिडनी स्वान्सने त्यांना १० गुणांनी हरवलं. सप्टेंबर २०१३ मध्ये हॉथॉर्नने फ्रीमँटलला नमवून चषक परत आणला. आणि त्या जल्लोषाचा गुलाल खाली बसायच्या आत बातमी आली की बडी चालला.

एक कोटी डॉलर, नऊ वर्षं

फुटीच्या लीगमध्ये खेळाडूने क्लब बदलणं सोपं नसतं. करार चालू असताना त्याच्या संमतीशिवाय क्लब त्याला दुसरीकडे देऊ शकत नाही, आणि खेळाडूलाही मनात आलं म्हणून उठून जाता येत नाही. २०१२ साली ‘फ्री एजन्सी’ आली तेव्हा जुन्या खेळाडूंना पहिल्यांदा मोकळी वाट मिळाली. एकाच क्लबमध्ये आठ हंगाम काढलेल्याचा करार संपला की तो इतरांशी बोलू शकतो. मात्र तो क्लबच्या सर्वांत महागड्या पाव हिश्शात असेल तर मूळ क्लबला तेवढाच पैसा देऊ करून त्याला अडवता येतं.

२०१३ सालभर सगळीकडे एकच चर्चा होती, फ्रँकलिन ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडे जाणार. लीगने पश्चिम सिडनीत नुकताच उभा केलेला हा क्लब अजून रांगत होता आणि त्याला तारा हवा होता. पण शहराच्या दुसऱ्या बाजूच्या स्वान्सनी गुपचूप डाव टाकला होता. प्रस्ताव होता नऊ वर्षांसाठी सुमारे १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा. फ्रँकलिन तेव्हा २६ वर्षांचा होता. करार संपेल तेव्हा तो ३५ चा असणार होता, आणि गुडघे-घोट्यांवर जगणाऱ्या आघाडीवीराचं दुकान सहसा त्याच्या बरंच आधी बंद होतं.

रकमेचा अंदाज यावा म्हणून सांगतो. प्रत्येक क्लबने सगळ्या खेळाडूंवर मिळून वर्षाला किती खर्च करायचा यावर लीगची मर्यादा असते, तिला ‘सॅलरी कॅप’ म्हणतात. एका माणसाचा हा करार त्या वेळच्या जवळपास अख्ख्या संघाच्या वर्षभराच्या मर्यादेएवढा होता. हॉथॉर्नने तेवढा पैसा द्यायला नकार दिला. लीगने करार मंजूर केला, पण एक मेख मारून ठेवली. फ्रँकलिन अर्ध्यात निवृत्त झाला तरी ठरलेली रक्कम सिडनीच्या मर्यादेत धरली जाणार. ‘ओझं तुम्ही उचललंत, आता नऊ वर्षं तुम्हीच वाहा’ असा त्याचा रोकडा अर्थ.

त्यात आणखी एक भांडण होतं. सिडनीत घरं महाग म्हणून स्वान्सना इतरांपेक्षा ९.८ टक्के जास्त खर्चाची सवलत होती. आपल्या सरकारी नोकरीतल्या महागाई भत्त्याचा हा चुलतभाऊच. महागाई भत्त्यातून कोट्यधीश पोसता काय, असा ओरडा मेलबर्नमध्ये झाला. वर्षभरात लीगने तो भत्ता टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं, वर स्वान्सना इतर क्लबांचे खेळाडू घ्यायलाही बंदी घातली. ती पुढे सैल झाली, पण वचपा काढल्याचा वास काही लपला नाही.

सिडनीची जुनी खोड

स्वान्सच्या हिशेबात डोकावायचं तर शहर समजायला हवं. सिडनी हे रग्बी लीगचं गाव. स्वान्स मूळचे दक्षिण मेलबर्नचे, १९८२ साली त्यांचं बिऱ्हाड सिडनीत आलं. नव्या गावात, दुसऱ्याच खेळावर जीव असलेल्या लोकांनी तिकीट काढून यावं तर त्यांना रोज बघावासा वाटेल असा एक माणूस लागतो. हे स्वान्सना फार लवकर कळलं.

१९९३ साली सेंट किल्डाविरुद्धच्या सामन्यात याच मैदानावर कुणीतरी पाठीवर ४ आकडा रंगवलेलं डुक्कर सोडलं. ४ हा सेंट किल्डाच्या धिप्पाड टोनी लॉकेटचा क्रमांक. दोनच वर्षांत तो लॉकेट स्वान्सच्या जर्सीत आला आणि त्याच सिडनीकरांनी त्याला डोक्यावर घेतलं. कारकिर्दीतल्या त्याच्या १३६० गोलांपैकी ८९८ सेंट किल्डासाठी होते आणि ४६२ सिडनीसाठी. सर्वाधिक गोलांचा विक्रमही त्याने १९९९ साली सिडनीच्या मैदानावरच मोडला. त्याच्यामागून सेंट किल्डाचाच बॅरी हॉल आला. त्याच्या नेतृत्वाखाली २००५ साली क्लबने १९३३ नंतरचा पहिला चषक जिंकला. फ्रँकलिन या ओळीतला पुढचा. ज्यांनी करार केला त्यांना वेड लागलं नव्हतं, त्यांना आपल्या घराचा रिवाज ठाऊक होता.

चषकांची वजाबाकी

आता कडू भाग. २०१४ साली सिडनीसाठी पहिल्याच हंगामात फ्रँकलिनने साखळीत सर्वाधिक गोल करून कोलमन पदक मिळवलं आणि संघ अंतिम फेरीत गेला. समोर कोण? हॉथॉर्न. जुन्या सोबत्यांनी सिडनीला ६३ गुणांनी लोळवलं. पुढच्या वर्षी हॉथॉर्नने सलग तिसरा चषक उचलला. एकाच ड्राफ्टमधल्या तिघांपैकी रफहेड आणि लुइस यांच्याकडे चार-चार चषक जमले, फ्रँकलिनकडे दोनच राहिले.

२०१६ चा अंतिम सामना वेस्टर्न बुलडॉग्सने २२ गुणांनी जिंकला. पहिल्याच सत्रात फ्रँकलिनचा घोटा मुरगळला होता. २०२२ मध्ये जिलाँगने ८१ गुणांनी धूळ चारली आणि फ्रँकलिनला एकही गोल करता आला नाही. सिडनीसाठी तीन अंतिम सामने, तिन्ही हरले.

कॅपची ओढाताण तर होतीच. करार झाला त्याच वर्षी स्वान्सचा शेन ममफर्ड क्लब सोडून गेला. २०१६ च्या अखेरीस टॉम मिचेल नेमका हॉथॉर्नला गेला आणि दोन वर्षांनी लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ब्राउनलो पदक घेऊन बसला. टोबी नॅनकर्व्हिस रिचमंडला गेला आणि तिथे त्याने तीन चषक जिंकले. हे सगळे एकट्या फ्रँकलिनमुळे गेले असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण एका ताटात एवढं वाढल्यावर बाकीच्या ताटांना कमी पडणारच.

निष्ठेच्या गप्पा मारणाऱ्यांना मात्र एक विचारावंसं वाटतं. जॉर्डन लुइस हॉथॉर्न सोडून गेला नव्हता. चार चषकांनंतर, २०१६ साली, क्लबनेच त्याला मेलबर्न क्लबकडे रवाना केलं. सॅम मिचेल हा त्यांचा जुना कर्णधारही त्याच पंधरवड्यात वेस्ट कोस्टला गेला. क्लबने खेळाडू सोडला तर तो व्यवहार आणि खेळाडूने क्लब सोडला तर गद्दारी, हा न्याय मला कधी पटलेला नाही. फ्रँकलिनने हॉथॉर्नला नऊ हंगाम, ५८० गोल आणि दोन चषक देऊन निरोप घेतला होता. त्याच्याकडून आणखी काय राहिलं होतं?

सप्टेंबर २०१५

त्या वर्षी बाद फेरीच्या तोंडावर क्लबने जाहीर केलं की फ्रँकलिन मानसिक आरोग्याच्या कारणाने खेळणार नाही. स्नायू दुखावला, पाठ धरली अशी पळवाट काढता आली असती. त्यांनी जे होतं ते सांगितलं. इतक्या मोठ्या खेळाडूने ऐन मोसमात हे उघड करणं तेव्हा नवं होतं. त्याच हंगामात त्याचा सहकारी अ‍ॅडम गुड्स, तोही मूळ रहिवासी समाजाचा, सामन्यामागून सामन्यात प्रेक्षकांची हुर्यो सोसत होता आणि अखेर निवृत्त झाला. फ्रँकलिन नव्या हंगामात परतला आणि २०१६ मध्ये त्याने ८१ गोल केले. २०१७ च्या शेवटच्या साखळी सामन्यात कार्लटनला १० गोल मारून त्याने चौथं कोलमन पदक खेचून घेतलं. २०१८ मध्ये देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडक संघाचा तो कर्णधार होता.

नंतर शरीराने हिशेब मागायला सुरुवात केली. २०१९ मध्ये जेमतेम १० सामने, २०२० मध्ये एकही नाही. कराराचे टीकाकार खुशीत होते. २०२१ मध्ये तो परतला आणि ५१ गोल करून बसला.

हजारावा

२५ मार्च २०२२, शुक्रवारची रात्र, सिडनी क्रिकेट ग्राउंड. समोर जिलाँग. फ्रँकलिन ९९६ वर होता, म्हणजे चार हवे होते. तीन झाले. शेवटच्या सत्रात चॅड वॉर्नरने दिलेला चेंडू त्याने पकडला. मैदानातल्या ३६ हजारांहून अधिक माणसांना पुढचं दिसत होतं आणि बरेच जण आधीच कुंपणाला चिकटून उभे होते. तो मागे गेला, दोन पावलं सरळ आला, डावीकडे वळला. चेंडू मधल्या खांबांतून जाण्याआधीच पहिली पोरं कुंपणावरून खाली पडत होती.

मग आषाढीला वाळवंट फुलावं तसं ते मैदान माणसांनी भरलं. कडेवर लेकरं घेतलेले बाप, उलट्या टोप्या घातलेली शाळकरी पोरं, प्रतिस्पर्ध्यांचे निळे-पांढरे पट्टे घातलेलेसुद्धा. रक्षकांनी फ्रँकलिनला कसंबसं कोंडाळ्यातून बाहेर काढलं. खेळ अर्ध्या तासाहून अधिक थांबला. या लीगमध्ये त्याआधी पाचच जण हजारापर्यंत पोहोचले होते. मूळ रहिवाशांपैकी तो पहिला. सिडनीने तो सामना जिंकला, पण ते कुणाच्या लक्षात आहे?

मला विचाराल तर कराराचे पैसे त्या अर्ध्या तासात फिटले. रग्बीच्या गावातली दहा-बारा वर्षांची हजारो पोरं त्या रात्री फुटीच्या मैदानावरची माती बुटांना लावून घरी गेली. त्याच्या चाळीस वर्षं आधी मेलबर्नहून बिऱ्हाड हलवताना क्लबला याहून वेगळं काय हवं होतं?

पोटरी

नऊ वर्षांचा करार त्याने पुरा केला आणि वर एक वर्षाचा नवा केला. मे २०२३ मध्ये मेलबर्नला कॉलिंगवूडच्या प्रेक्षकांनी ३६ वर्षांच्या या माणसाची हुर्यो उडवली, तेव्हा खुद्द कॉलिंगवूडच्या प्रशिक्षकाने आपल्याच पाठीराख्यांना सुनावलं. जुलैअखेर एसेंडनविरुद्ध पोटरी दुखावली आणि दोन दिवसांत निवृत्तीची घोषणा झाली. सिडनीसाठी १७२ सामने, ४८६ गोल. एकूण १०६६ म्हणजे इतिहासात चौथा. पुढे लॉकेट, गॉर्डन कव्हेंट्री आणि जेसन डन्स्टॉल.

चषक आणला नाही हा ठपका त्याच्या नावावर अजून ठेवतात. २०२४ साली स्वान्स पुन्हा अंतिम फेरीत गेले, या वेळी बडीशिवाय. ब्रिस्बेनकडून ६० गुणांनी हरले.